झाडीतला पाहुणा

झाडीपट्टीत झाडांची वाण नाही. आरमोरीला वैनगंगेकडे पाठ करून पूर्वेकडे पाहू लागले, की धानाच्या बांध्या जिथे संपतात तिथे रान सुरू होते आणि ते इंद्रावतीपर्यंत, म्हणजे थेट बस्तरच्या सीमेपर्यंत, फारसे कुठे थांबत नाही. साग, ऐन, मोह, तेंदू, धावडा, हलदू, बिजा, बेहडा, आवळा, चार आणि जिकडेतिकडे बांबू. इथल्या माणसाला झाडांची नावे शिकवावी लागत नाहीत. सोयऱ्याधायऱ्यांची नावे पोराला जशी आपोआप ठाऊक होतात, तशी ती होतात. पण एवढ्या गोतावळ्यात एक झाड मात्र शोधून सापडायचे नाही. ते म्हणजे चीड. इंग्रजीच्या वळणाने आपण ज्याला पाइन म्हणतो आणि जुने संस्कृत ग्रंथ ज्याला सरल म्हणतात, ते हे झाड.

चिडाचे कूळ आपल्या देशात हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत राहते. विंध्याच्या दक्षिणेस ते आपण होऊन कधी उतरले नाही. त्यामुळे मराठी माणसाची त्याच्याशी ओळख आहे ती पत्राने असावी तशी, वस्तूंवरून. रंगाऱ्याच्या डब्यातले टर्पेंटाइन त्याचे, वैद्याच्या दुकानातला गंधबिरोजा त्याचा, आणि दिवाळीच्या सुक्या मेव्यात चार दाणे पडले तरी ज्यांचा भाव ऐकून आपण पुडी खाली ठेवतो, ते चिलगोजेही त्याच्याच एका भावाचे. कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या आरंभी हिमालयाचे वर्णन करताना सरल वृक्षांच्या चिकाचा सुगंध आणला आहे, आमच्या मराठी शाळांतून कित्येक पिढ्यांनी तो सुगंध पाठ केला, नाकाने मात्र कोणी घेतला नाही.

तरीही आरमोरीत १९७१ सालापासून एक चीड आहे. आमच्या घराच्या ओसरीवर एका उथळ कुंडीत तो उभा आहे. उंची सव्वादोन फूट, बुंधा मनगटाएवढा, साल मगरीच्या पाठीसारखी. डोंगरात असता तर एव्हाना दोन-तीन मजले उंच झाला असता.

तो आला त्याची हकीकत थोडक्यात सांगतो. माझे वडील शाळामास्तर होते. गडचिरोली जिल्हा त्या वेळी व्हायचा होता (तो १९८२ साली झाला). आरमोरी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होती. १९७१च्या उन्हाळ्यात ते गावच्या मंडळींबरोबर बदरीकेदारला गेले आणि परतताना रानीखेतच्या एका रोपवाटिकेतून वीतभर रोप विकत घेऊन आले. डालडाच्या डब्यात ते रोप, डबा मांडीवर, असा काठगोदामपासूनचा प्रवास; शेवटी गोंदियाला गाडी बदलायची, छोट्या गाडीने वडशाला उतरायचे आणि तिथून एस.टी.ने घर. आई सांगत असे, की यात्रेहून गंगाजलाची लोटी आली ती देवघरात ठेवली, आणि डबा कुठे ठेवायचा यावरून घरात पहिला वाद झाला.

रोपवाटिकेच्या माळ्याने वडिलांना एकच बजावले होते : मुळांची माती झाडू नका, ती तशीच जाऊ द्या. त्या वेळी हा डोंगरी माणसाचा भाबडेपणा वाटला. पुढे कळले, की त्यात फार मोठे शास्त्र आहे. चिडाच्या मुळांशी एक पांढरी बुरशी राहते. ती मातीतले क्षार झाडाला आणून देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. ही बुरशी नसेल तर चीड चांगल्या जमिनीतही उपाशी मरतो. पोर्तो रिको बेटावर चिडाची लागवड करण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे फसत होते. १९५०च्या दशकात चिडाच्या रानातली मूठ मूठ माती आणून रोपांच्या बुडाशी घातली, तेव्हा कुठे झाडे धरली. म्हणजे पाहुणा एकटा येत नाही. त्याच्याबरोबर त्याच्या घरची शिदोरी यावी लागते. आमच्या डब्यातून ती शिदोरी आली होती म्हणूनच पुढचे सारे घडले.

वडिलांना ‘बोन्साय’ हा शब्दही तेव्हा ठाऊक नव्हता. झाड कुंडीत राहिले ते कलेसाठी नव्हे, नाइलाजाने. आमची जमीन धानाची. चिकण, पावसाळ्यात तुंबणारी. त्यात चीड लावणे म्हणजे माळकऱ्याला खाटकाच्या घरी जेवायला बसवणे. म्हणून कुंडी. आणि कुंडीतल्या झाडाला पहिली कात्री लावली ती आमच्या शेजारच्या एका ढिवर बुवांनी.

आरमोरीचे नाव बाहेर ज्या मोजक्या गोष्टींसाठी घेतले जाते त्यांत कोसा आहे. टसराचा हा किडा ऐनाच्या आणि अर्जुनाच्या पानांवर वाढतो. ढिवर मंडळी त्याची राखण करायला रानात खोपटे घालून राहतात, गोफणीने पाखरे हाकलतात, आणि अळ्यांवर हात पोचावा म्हणून ऐनाची झाडे छाटून छाटून बुटकी राखतात. ज्या ऐनाने पन्नास-साठ फूट जायचे तो पुरुषभर उंचीवर थबकतो. बुंधा मात्र वर्षांगणिक जाडच होत जातो. तेंदूचेही तसेच. पान कोवळे आणि मोठे यावे म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी झुडपे छाटतात. बुवांनी आमचा सुतासारखा सरळ वाढणारा चीड पाहिला आणि विचारले, “गुरुजी, ह्याले रानात न्याचा हाय का कुंडीत ठेवाचा हाय?” कुंडीतच, असे उत्तर मिळाल्यावर कमरेचा कोयता काढून त्यांनी शेंडा उडवला. वडील दोन दिवस जेवले नाहीत, असे आई सांगे. मला वाटते एकच वेळ जेवले नसावेत. पण कापल्या जागेच्या खाली पंधरवड्यात निळसर, मऊ, एकेकटी पाने फुटली. चिडाच्या बहुतेक जातींना जुन्या लाकडावर फुटवे येत नाहीत. आपल्या हिमालयातल्या चिडाला मात्र येतात, आणि तेही त्याच्या बाळपणीच्या पानांसारखे. म्हातारा माणूस आजारातून उठल्यावर लहान मुलासारखा बोलू लागतो ना, तसे.

बुवांना जपान कुठे आहे हे ठाऊक नव्हते. ज्या विद्येवर तिकडे ग्रंथ लिहिले गेले तिचा पहिला धडा मात्र त्यांनी पोटासाठी गिरवलेला होता.

आता त्या ग्रंथांच्या देशाकडे वळू. मूळ विद्या चीनची. तिथे ताटात डोंगर, दगड आणि झाडे मांडण्याची जुनी चाल आहे. तिला पेन्जिंग म्हणतात. इसवी सन ७०६ साली बांधलेल्या तांग राजवंशातल्या एका राजपुत्राच्या थडग्याच्या भिंतीवर चित्र आहे, त्यात सेवक हातांत लहानशा झाडा-दगडांचे तबक घेऊन चालले आहेत. बौद्ध भिक्षू आणि व्यापारी यांच्याबरोबर ही चाल जपानात गेली. १३०९ सालच्या एका जपानी चित्रपटात कुंडीतली झाडे स्पष्ट दिसतात. ‘बोन्’ म्हणजे उथळ कुंडी आणि ‘साय’ म्हणजे लावलेले झाड. चिनी मांडणीत डोंगर, नदी, नाव, साधू असे सगळे बिऱ्हाड असते. जपान्यांनी बहुतेक पसारा काढून टाकला आणि एकटे झाड ठेवले. त्यातही मान चिडाचा. बारा महिने हिरवा राहतो, बर्फाखाली वाकतो पण मोडत नाही, म्हणून तो दीर्घायुष्याचे चिन्ह.

जपानच्या नो नाटकांत ‘हाचि नो कि’, म्हणजे कुंडीतली झाडे, या नावाचे एक नाटक आहे. सानो नावाच्या गावी बर्फाच्या वादळात एक भिक्षू एका घराशी आसरा मागतो. घरधनी गेन्झाएमोन हा एके काळचा सरदार. भाऊबंदांनी जमीन बळकावल्यामुळे आता दारिद्र्यात आहे. पाहुण्याला तो वऱ्याचा भात वाढतो. रात्री थंडी वाढते आणि घरात सरपण संपलेले असते. वैभवाच्या दिवसांतल्या तीन कुंड्या तेवढ्या उरलेल्या आहेत : एक आलुबुखाराची, एक चेरीची, एक चिडाची. गेन्झाएमोन त्या एकेक करून तोडतो आणि पाहुण्यासमोर शेकोटी करतो. चिडाची पाळी शेवटी येते. बोलता बोलता तो म्हणून जातो, की कामाकुराहून हाक आली तर गंजकी चिलखत घालून आणि मरतुकड्या घोड्यावर बसून का होईना, मी पहिला हजर होईन. पुढे हाक येते, तो जातो, आणि कळते की तो भिक्षू म्हणजे वेषांतर करून हिंडणारा राज्याचा कारभारी होजो तोकियोरी. तोकियोरी त्याची जमीन परत देतो आणि वर तीन इनामे देतो. तिन्ही गावांच्या नावांत त्या तीन झाडांची नावे आहेत.

तोकियोरी खरा, तेराव्या शतकातला. बाकी नाटक. पण जपानी प्रेक्षकाला हे नाटक इतकी शतके का आवडत आले, हे आपल्याला समजायला जड जाऊ नये. चिलया बाळाची कथा ऐकत वाढलेल्या माणसांना पाहुण्यासाठी काय काय चुलीत घालावे लागते याची कल्पना असते.

सगळेच कुंडीवाले असे उदार नव्हते. तिसरा तोकुगावा शोगुन इएमित्सु (कारकीर्द १६२३ ते १६५१) याला कुंडीतल्या झाडांचे इतके वेड, की राज्यकारभार बाजूला पडू लागला. तेव्हा ओकुबो हिकोझाएमोन या जुन्या सेवकाने धन्याची आवडती कुंडी उचलून त्याच्यादेखत बागेत भिरकावली, अशी आख्यायिका आहे. त्या शोगुनाच्या नावाचा एक पंचपर्णी चीड टोकियोच्या राजवाड्यात अजून आहे. वय पाचशे वर्षांच्या पुढे. शोगुन गेले, त्यांची सत्ता गेली, त्यांचे नाव कुंडीला राहिले.

पण मला या साऱ्या कथांपेक्षा एक खरी हकीकत अधिक मोठी वाटते. हिरोशिमात यामाकी घराण्याची झाडांची बाग होती. त्यांच्याकडे एक पांढरा चीड होता. १६२५ सालापासून कुंडीत वाढवलेला. १६२५ म्हणजे शिवजन्माच्या पाच वर्षे आधी. ६ ऑगस्ट १९४५च्या सकाळी शहरावर अणुबाँब पडला. ही बाग स्फोटाच्या ठिकाणापासून जेमतेम तीन किलोमीटरवर. घराची तावदाने फुटली, काचा घरच्या माणसांना लागल्या. झाडे एका उंच भिंतीच्या आड होती म्हणून वाचली. पुढे १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली, तेव्हा जपानने ५३ बोन्साय भेट पाठवले. त्यांत मासारू यामाकी यांनी आपला हा चीड दिला. ज्या देशाचे विमान आपल्या गावावर आले होते, त्याच देशाच्या राजधानीत हे झाड पाहुणे म्हणून गेले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात पंचवीस वर्षे त्याला पाणी घातले गेले. पण ते कुठून वाचून आले आहे हे तिथल्या माळ्यांना ठाऊक नव्हते. २००१ साली यामाकींचे दोन नातू आजोबांचे झाड पाहायला आले, आणि त्यांनी सांगितले तेव्हा ते सर्वांना कळले. भेट देताना आजोबांनी मुद्दाम काही सांगितले नव्हते. उपकार करताना तोंड बंद ठेवण्याची ही रीत आपल्याकडेही आहे, निदान होती.

मात्र चिडाची सारी कथा अशी गोड नाही, आणि आमच्या भागात राहणाऱ्याने ती अर्धवट सांगणे बरे दिसत नाही.

माझ्या कुंडीतले झाड जिथून आले त्या कुमाऊंमध्ये इंग्रजांच्या जंगल खात्याने चिडाला राजाश्रय दिला. कारण उघड होते. चिडाच्या बुंध्याला खाच पाडली की चीक मिळतो, चिकाचे टर्पेंटाइन होते. लाकूड रेल्वेच्या रुळांखाली जाते. डोंगरातल्या बाईला मात्र हवा असतो बांज, म्हणजे तिकडचा ओक. त्याचा पाला जनावरे खातात, त्याच्या बुडाशी पाणी टिकते. चिडाच्या सुयांचा खच पडला की त्याखाली गवत नीट येत नाही, आणि उन्हाळ्यात ठिणगी पडायचा अवकाश. जंगले राखीव झाली, लोकांचे हक्क आक्रसले. १९२१ साली कुमाऊंच्या लोकांनी वेठबिगार झुगारली, आणि त्याच उन्हाळ्यात सरकारी चिडाची रानेच्या राने पेटली. आगी लावणाऱ्यांचा राग झाडावर नव्हता. झाडाला मालक करून बसवणाऱ्यांवर होता.

हेच नाटक अर्ध्या शतकानंतर आमच्या शेजारी, इंद्रावतीपलीकडे, होऊ घातले होते. १९७०च्या दशकात बस्तरमधले सालाचे रान तोडून तिथे हजारो हेक्टरांवर उष्ण प्रदेशातला चीड लावायचा, त्याच्या लगद्याचा कागद करायचा, अशी योजना जागतिक बँकेच्या साहाय्याने आखली गेली. कागदावर ती बिनचूक होती. सालाला, बस्तरच्या भाषेत सरईला, वाढायला शंभर वर्षे लागतात. चीड पंधरा-वीस वर्षांत कापायला येतो. पण सरईचे बी आदिवासी विकतो, पानांच्या पत्रावळी करतो, चीक धूप म्हणून देवापुढे जाळतो, आणि देवही तिच्याखालीच बसवतो. चिडाखाली तो काय वेचणार? लोकांनी विरोध केला. एके काळी बस्तरचे जिल्हाधिकारी असलेले डॉ. ब्रह्मदेव शर्मा यांच्यासारखे अधिकारीही त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९८०च्या दशकाच्या आरंभी योजना गुंडाळली गेली आणि सरई उभी राहिली.

म्हणजे आमच्या ओसरीवर वडील एका चिडाला वाढवत होते, आणि शंभर-दीडशे मैलांवर लोक चिडाला हद्दपार करत होते. वडिलांना यात विसंगती वाटली नाही, मलाही वाटत नाही. घरात आलेला पाहुणा वेगळा आणि सातबारावर नाव चढवायला आलेला वेगळा. पहिल्यासाठी आपण उन्हात धावतो, दुसऱ्यासाठी कचेरीत.

कोणी म्हणेल, चीड इथला नाहीच, तर त्याचे एवढे कौतुक कशाला? त्यांना मी सिरोंच्याला जा म्हणतो. सिरोंचा तालुक्यात १९५८ ते १९६१ या काळात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका अवाढव्य डायनोसोरची हाडे खणून काढली. पुढे १९७५ साली त्याला बारापासॉरस टागोराय असे नाव मिळाले. मोठ्या पायांचा म्हणून ‘बारापा’ आणि रवींद्रनाथांच्या स्मरणार्थ ‘टागोराय’. त्याच खडकांत दगड झालेली झाडेही आहेत, आणि त्यांत सूचिपर्णी कुळातली आहेत. चिडाचे सख्खे नव्हेत, पण चुलत-मावस खरे. अठरा कोटी वर्षांपूर्वी हा प्राणी त्यांचा पाला खात असावा. वडधमच्या जीवाश्म उद्यानात ते दगडी ओंडके हात लावून पाहता येतात. तेव्हा कुळकायद्याच्या भाषेत बोलायचे, तर चिडाच्या नातलगांची वहिवाट सागाच्या आधीची निघेल!

असो. आता त्याला सांभाळण्याबद्दल. जपानी पुस्तकांतले वेळापत्रक आमच्या कामाचे नाही. त्यांचे हिवाळे बर्फाचे, आमचा वैशाख आगीचा. वैनगंगेपलीकडची ब्रह्मपुरी तर साऱ्या महाराष्ट्रात तापते म्हणून वर्तमानपत्रात येते. ४६-४७ अंश हे आकडे इथे कोणी दचकून ऐकत नाही. त्यामुळे आमचे झाड जपानी पंचांगावर चालत नाही, मराठी पंचांगावर चालते.

वर्ष सुरू होते माघात. फांद्यांच्या टोकांवरचे कोंब फुगू लागले, पण उघडले नाहीत, असा आठ-दहा दिवसांचा काळ असतो. तीन-चार वर्षांतून एकदा या दिवसांत कुंडी रिकामी करायची. मुळांतली फार तर एक तृतीयांश कापायची, त्याहून नाही; आणि जुन्या मातीतला पांढऱ्या बुरशीचा गोळा नव्या मातीत परत ठेवायचा. रानीखेतच्या माळ्याचा शब्द अजून पाळला जातो तो असा. माती म्हणजे खरे तर माती नव्हेच. वैनगंगेची जाडी वाळू धुऊन, विटांचा चुरा चाळून, थोडा मुरूम, थोडा कोळसा, आणि नावाला कुजलेले शेणखत. आमच्या गावात घर बांधताना जी वाळू बारीक नाही म्हणून गवंडी नाकारतो, ती मी घेऊन येतो.

फाल्गुनात कोंब वर चढतात. पांढुरक्या, उभ्या, अगदी समईतल्या वातींसारख्या. इंग्रजी पुस्तकांत त्यांना मेणबत्त्या म्हटले आहे. मला वाती बरे वाटते. जोमाच्या वाती बोटांनी अर्ध्यावर खुडायच्या. कात्री लावली तर उघडणाऱ्या सुयांची टोके कापली जातात आणि वर्षभर तांबडी दिसतात. याच दिवसांत रानात तेंदूची छाटणी चाललेली असते, मोह टपटपत असतो. गावाला आणि आमच्या घराला एकाच वेळी हात काळे करून घ्यावे लागतात.

मग खरी परीक्षा. चीड उन्हाचा भुकेला आहे, सावलीत ठेवला तर सुया लांबून झिपऱ्या होतात. पण चैत्र-वैशाखात ऊन त्याला मारत नाही, तापलेली कुंडी मारते. मुळे भाजतात. म्हणून दहापर्यंत ऊन द्यायचे, नंतर खसाच्या ताटीआड. कुंडीभोवती ओले गोणपाट. ते वाळले की पुन्हा भिजवायचे. पाणी पहाटे एकदा, दिवस मावळल्यावर एकदा, माठातले. दुपारी बाराला घातलेले पाणी कुंडीत उकळते. या अडीच महिन्यांत खत नाही, छाटणी नाही, तार नाही; पाहुणा तापाने फणफणला असता त्याला नवे कपडे शिवायला बसत नाहीत. आणि या अडीच महिन्यांत घर कधीही पूर्ण रिकामे नाही. लग्नसराई नेमकी तेव्हाच असते! आमच्या घरातून आजवर लग्नाला एक माणूस नेहमी कमी गेले आहे. माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला वडील नव्हते, माझ्या मेहुण्याच्या लग्नाला मी नव्हतो. सासुरवाडीला कारण झाड आहे हे अजून पटलेले नाही.

मृग लागला की संकट उलटते. उन्हाळ्यात पाणी कमी पडते म्हणून जीव जातो, पावसाळ्यात जास्त होते म्हणून. आमच्याकडे झड लागली की आठ-आठ दिवस धानाच्या बांध्या भरलेल्या असतात. धान हसतो, चीड रडतो. कुंडीच्या एका बाजूखाली वीट सरकवून ती तिरपी ठेवायची, म्हणजे पाणी निघून जाते. बुडाचे भोक काडीने मोकळे करायचे. झड मोठी असेल तर वळचणीखाली. पण ऊन पडले रे पडले की बाहेर. सुयांची टोके पिवळी दिसू लागली तर मुळे कुजताहेत असे समजावे. श्रावणात पाऊस उघडझाप करू लागला, की जवसाच्या ढेपेच्या दोन गोळ्या कुंडीच्या कडेला. जास्त नाही. कुंडीतल्या झाडाचे आणि पेन्शनीतल्या मास्तराचे पोषण सारखेच : थोडे, पण चुकवायचे नाही.

आश्विन-कार्तिकात कामाला रंगत येते. जुन्या सुया तिघींच्या जुडीने ओढून काढायच्या, म्हणजे आतल्या फांद्यांना उजेड मिळतो. हे काम दिवाळीच्या तोंडावर येते. स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा आणि ओसरीवर मी सुया वेचतो आहे; हाताला चिकाचा वास, आणि तो वास फराळाला लागू नये म्हणून मला कढईजवळ मज्जाव. रानात याच सुमाराला ढिवर मंडळी कोसा उतरवतात. पूर्वी शेजारचे बुवा पोते खांद्यावर घेऊन परतताना ओसरीशी थांबत, झाडाला एक फेरी घालत, आणि कुठली फांदी चढली आहे ते बोटाने दाखवून घरी जात. त्यांचे बोट चुकत नसे. मार्गशीर्ष-पौषात दिवसभर ऊन, रात्री गारठा. चिडाला आपल्या गावी आल्यासारखे वाटत असावे. याच काळात तांब्याची तार गुंडाळून फांद्यांना वळण द्यायचे. तार सालीत रुतण्याआधी काढायची. विसरल्यास वळ जन्मभर राहतो.

वडील गेले त्याला बरीच वर्षे झाली. तेव्हापासून पाणी माझ्याकडे. २०१८च्या फेब्रुवारीत पुण्याला प्राजक्ता काळे यांच्या ‘बोन्साय नमस्ते’चे जागतिक प्रदर्शन भरले होते, तीन हजारांहून अधिक झाडे एका मैदानात. मुलगी पुण्यातच असते. हौशी लोकांनी वडाला, उंबराला, पिंपरणीला जी रूपे दिली आहेत त्यांचा विचार करताना मला वाटते, की या मातीतला खरा बोन्साय वड-उंबराचाच. तो पाण्याविना दोन दिवस काढतो आणि लग्नाला जाऊ देतो. चीड तसा नव्हे. तो ज्या घरात असतो त्या घराला बांधून ठेवतो. १६२५ची ती हिरोशिमाची कुंडी म्हणजे चारशे वर्षांत एकही उन्हाळा कोणी ना कोणी चुकवला नाही याची नोंद आहे. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त आमच्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख केला, त्याला थोडीच अधिक वर्षे झाली. वैरागडला आज गेलात तर पडका किल्ला दिसतो. हिरे मागू नका.

मुलीचे म्हणणे, झाड पुण्याला न्यावे. हवा थंड, पाणी सोसायटीचे, सोबत जाणकार माणसे. बोलणे बिनतोड आहे. माझ्या पत्नीचे म्हणणे, ते इथे एवढे उन्हाळे तगले, आता त्याला नवी सवय लावू नये. बुवांचा नातू रेशीम खात्याच्या कामावर असतो, त्याने मध्येच सांगितले, “काका, वैशाखात तुम्ही लग्नाले जा, पाणी मी टाकीन.” निकाल अजून लागलेला नाही. येत्या माघात कुंडी बदलायची पाळी आहे. वाळू चाळून पोत्यात भरून ठेवली आहे. मुलगी त्या वेळी चार दिवस येणार आहे. मुळे कापताना तिच्या हातात कात्री द्यायची आणि पांढऱ्या बुरशीचा गोळा नातवाच्या हातात, एवढे मात्र मी ठरवले आहे.